मोरखडीचे तीन दिवस

लसीच्या बाटलीच्या लेबलावर एक जांभळं वर्तुळ असतं आणि त्याच्या आत एक चौकोन. चौकोनाची बाजू जेमतेम दोन मिलिमीटर. लस चांगली असते तोवर चौकोन पांढरा दिसतो. उष्णता लागत गेली की तो हळूहळू गडद होतो, आणि त्याचा रंग वर्तुळासारखा झाला की बाटली टाकून द्यायची. शेवंता सिस्टरांनी आरोग्य केंद्राच्या ओट्यावर जुनं वर्तमानपत्र पसरून त्यावर पोलिओच्या साठ बाटल्या मांडल्या होत्या. मी एकेक उचलून उजेडाकडे धरली. काहींमधला चौकोन वर्तुळाइतका जांभळा होता, काहींमधला त्याहून गडद. पांढरा एकही नव्हता.

"मोजू नका मॅडम," सिस्टर म्हणाल्या. "मी दोनदा मोजल्या. साठच्या साठ."

या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली. तो एप्रिलचा दुसरा आठवडा होता. मी वीज कंपनीत सहायक अभियंता होते आणि मोरखडी हे आमच्या वाघाळे सबस्टेशनवरून निघणाऱ्या फीडरचं, म्हणजे वीज पोचवणाऱ्या लाईनचं, शेवटचं गाव. सबस्टेशनपासून अडतीस किलोमीटर, सातपुड्याच्या पहिल्या चढावर. वाटेतल्या गावांत चारशेच्या वर शेतीपंप. तिकडे बिबट्याचा वावर असल्यामुळे रात्री कोणी पाणी भरायला जात नसे, म्हणून पंपांना दिवसा वीज द्यायचं वेळापत्रक ठरलेलं होतं. रात्री भारनियमन. म्हणजे मोरखडीला जी काही वीज मिळायची ती दिवसा, आणि नेमके त्याच वेळी खालचे सगळे पंप चालू. दोनशे तीसच्या जागी दीडशे व्होल्टही धड पोचत नसत. दिवे तांबूस दिसायचे. लसीच्या फ्रीजचा स्टॅबिलायझर एकशे साठच्या खाली गेला की फ्रीज बंद करून टाकायचा.

शेवंता वळवी तिथे बारा वर्षं नर्स होत्या. फ्रीजचं तापमान दिवसातून दोनदा वहीत लिहायचं हा त्यांच्या खात्याचा नियम. त्याच्या तीन वर्षं आधी मी त्यांना एक साधा मीटर दिला आणि शेजारी एक रकाना आखून व्होल्टेजही लिहाल का, म्हणून विचारलं. त्यांनी एक दिवस चुकवला नाही. सुट्टीवर गेल्या तर शिपायाकडून लिहून घेत आणि परत आल्यावर त्याच्या आकड्यांखाली बारीक अक्षरात त्याचं नाव टाकत.

"पण एवढा साठा कशाला मागवला तुम्ही?" मी विचारलं. एरवी त्या आठवड्यापुरत्याच बाटल्या तालुक्याहून डब्यात बर्फ घालून आणत.

त्यांनी माझ्याकडे जरा चमकून पाहिलं. मग आतून वही आणली आणि मार्चचं पान उघडून माझ्यापुढे धरलं. एकशे अठ्ठेचाळीस, एकशे बावन्न, एकशे त्रेचाळीस अशा रांगेत मध्येच तीन दिवस वेगळे होते. सोळा, सतरा आणि अठरा मार्च. दोनशे चौदा, दोनशे सोळा, दोनशे अकरा. तिन्ही आकड्यांसमोर त्यांनी लाल शाईने बरोबरची खूण केली होती.

"तुम्हीच म्हणाला होता ना, सौर संच बसला की लाईट अशी भरून येईल. मला वाटलं, बसवायच्या आधी तुम्ही करून पाहताय. मनात म्हटलं, निकुंभ मॅडमनी केलं बाई. अठराला मी पूर्ण महिन्याच्या साठ्याचा कागद पाठवला. साठा आला चोवीसला. तोवर लाईट परत होती तशी. परत न्या म्हटलं, तर गाडी आता पुढच्या महिन्यात."

मी तारखा पुन्हा वाचल्या. सोळा ते अठरा मार्च मी मोरखडीत नव्हते. नाशिकला आईजवळ होते.

*

खैरनार साहेब आमचे उपकार्यकारी अभियंता. मी नोकरीला लागले तेव्हा ऑफिसात मी एकटीच बाई होते, आणि मला टेबलावर बसवून कागदकाम द्यावं असं सगळ्यांचं ठरलेलं होतं. साहेबांनी दुसऱ्या दिवशी मला जीपमध्ये घातलं आणि उन्हात सात ट्रान्सफॉर्मर दाखवले. स्वतःचा मल्टिमीटर माझ्या हातात दिला. तो अजून माझ्याकडे आहे. मी काही बोलायला लागले की म्हणायचे, "आधी मोज. मग बोल." पुढे पुढे मी काही विचारायच्या आधीच मोजून यायला लागले, तेव्हा ते ऑफिसात सांगत सुटले की पोरगी माझ्याही पुढे गेली.

त्या वर्षी आमच्या विभागाला एक सौर संच मंजूर झाला होता. साडेचारशे किलोवॅटचा, एकच. तो फीडरवर कुठे बसवायचा हे आम्ही ठरवून कळवायचं होतं. लोकांना वाटतं, वीज एकदा तारेत सोडली की ती सगळीकडे सारखीच. तसं नसतं. लांबच्या प्रवासात तिचा जोर कमी होत जातो, आणि वाटेत तारा तापून बरीचशी वायाही जाते. संच सबस्टेशनच्या दाराशी बसवला तर शेवटच्या गावाला त्याचा पत्ताही लागत नाही. शेवटाकडे बसवला तर तिथली गरज तिथेच भागते आणि दुरून वीज ओढावी लागत नाही. मी फीडरवरच्या एकतीस जागा धरल्या. प्रत्येक जागी संच आहे असं मानून शेवटाला व्होल्टेज किती राहील आणि वाटेत वाया किती जाईल ते संगणकावर काढलं. त्यात चार महिने गेले. सगळ्यांत चांगली निघाली ती सत्ताविसावी जागा. मोरखडीच्या आरोग्य केंद्रामागचा उतार.

सौर संच दिवसाच चालणार, हे मी सिस्टरांना आधीच सांगितलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, दिवसाचे आठ तास धड मिळाले तरी पुरे. या फ्रीजच्या भिंतीत बर्फ असतं, ते रात्र काढतं.

अहवाल वर पाठवण्याआधी एक शेवटची मोजणी करायची होती. तीन दिवस, ऐन पंपांच्या वेळात, फीडरच्या दोन्ही टोकांना. मोजणीच्या फॉर्मवर दोन सह्या लागत, मोजणाऱ्याची आणि तपासणाऱ्याची, आणि दोघांनी जागेवर हजर असायचं. त्याच आठवड्यात आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख आली. मी ते पुढे ढकलणार होते. साहेबांनी ऐकलं नाही.

"आईचा डोळा आहे, ट्रान्सफॉर्मर नव्हे," ते म्हणाले. "जा. मी आहे ना इथे."

फॉर्मचं काय, असं मी विचारलं. त्यांनी खणातून तीन कोरे फॉर्म काढून माझ्यापुढे सरकवले. आमच्या ऑफिसात ही पद्धतच होती. कोणी रजेवर जाणार असलं की कोऱ्या फॉर्मवर सह्या करून जायचं, म्हणजे मोजणी अडत नाही. मी कधी केल्या नव्हत्या. त्या दिवशी केल्या.

परत आले तर साहेबांनी मला समोर बसवून सांगितलं की आकड्यांनी आपलं ऐकलं नाही. मोरखडीला दोनशेच्या वर व्होल्टेज निघालं. शेवटाला अडचण नाही म्हटल्यावर सत्ताविसाव्या जागेचं कारणच उरत नाही. संच सहाव्या जागी, वाघाळे सबस्टेशनच्या कुंपणात बसेल. माझी चूक झाली असेल असं ते म्हणाले नाहीत. ते मीच म्हणाले. पुढचे तीन आठवडे मी रोज घरी माझी गणितं पहिल्यापासून तपासत होते. तारेची जाडी, अंतरं, प्रत्येक ट्रान्सफॉर्मरवरचा भार. कुठेतरी एखादं शून्य इकडचं तिकडे झालं असणार, याबद्दल मला शंका नव्हती.

*

मोरखडीहून परतताना मी सरळ वाघाळे सबस्टेशनवर गेले. ड्यूटीवर उत्तम पगारे होता. थट्टेखोर माणूस, मला बघून म्हणाला, मॅडम आल्या, आता मीटरसुद्धा सरळ उभा राहील. मी मार्चचं लॉगबुक मागितलं. सबस्टेशनमध्ये कोणती लाईन किती वाजता सुरू झाली आणि किती वाजता बंद, याची त्यात तासातासाची नोंद असते.

सोळा, सतरा, अठरा. तिन्ही दिवस सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच, गावांचा पुरवठा चालू, पंप बंद. पंपांना वीज रात्री दहानंतर. एकोणिसाव्या तारखेपासून पुन्हा नेहमीसारखं.

"हे कोणाच्या सांगण्यावरून?"

"खैरनार साहेबांचा फोन होता. तीन दिवसांपुरतं म्हणाले." पगारे हसला. "काय शिव्या खाल्ल्यात मॅडम मी. एक म्हातारा तर रात्री शेतात पाठवतोस, बिबट्याला जेवायला मला घालतोस का, म्हणून काठी घेऊन इथपर्यंत आला. पण तुम्हाला ठाऊकच असेल ना? तुमचीच मोजणी होती ती."

मी लॉगबुक मिटून परत दिलं. बाहेर येऊन जीपला टेकून उभी राहिले. तीन आठवडे मी माझं शून्य शोधत होते.

साहेब ऑफिसात जेवत होते. मला बघून त्यांनी नेहमीसारखी अर्धी भाकरी डब्याच्या झाकणात काढली आणि माझ्याकडे सरकवली. मी बसले नाही.

"मोजणीच्या तीन दिवसांत पंप रात्रीवर का टाकले सर?"

त्यांनी घास संपवला. पाणी प्यायले. नाकारतील, चिडतील, काहीतरी तांत्रिक कारण देतील असं वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर त्यांनी तसं काही द्यावं, मी ते मानावं, अशी माझी इच्छा होती.

"बस आधी," ते म्हणाले.

मग ते बराच वेळ बोलले. अठरा वर्षांत त्यांनी असे सात प्रस्ताव पाठवले होते. सातही बिनचूक. एकाला जागा मिळाली नाही, एकाचा रस्ता झाला नाही, बाकीचे कुठे गेले हेही कळलं नाही. मोरखडीचा उतार वनखात्याचा आहे, परवानगीला दोन वर्षं लागतील, आणि तोवर हा संच दुसरा जिल्हा घेऊन जाईल. वाघाळ्याला कंपनीची स्वतःची जागा आहे, कुंपणासकट. तीन महिन्यांत संच उभा राहतो. मेअखेर ते निवृत्त होणार होते. एक तरी संच चालू झालेला बघून जायचंय, असं ते म्हणाले, आणि तेव्हा त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं.

"मग अहवालात तेच लिहायचं, सर. की योग्य जागा मोरखडीची, पण ती मिळत नाही."

"तसं लिहिलं की फाईल परत येते. जागा बदलायची तर आकड्यांनी बदलावी लागते. हे मी तुला सांगायला हवं?"

"मला निदान विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर तू सही केली नसतीस." त्यांचा आवाज शांत होता. नव्या माणसाला एखादी जोडणी समजावून सांगताना असायचा तसा. "म्हणून तर तुला नाशिकला पाठवलं."

मी उभीच होते. त्यांनी झाकणातली भाकरी परत डब्यात ठेवली, डबा बंद केला, आणि मग खरोखरच्या काळजीने विचारलं, "आईला आता नीट दिसतं ना?"

मी सांगितलं, दिसतं.

*

त्यानंतर मी अकरा दिवस काही केलं नाही. सकाळी ऑफिसला जायचे, संध्याकाळी परत यायचे. वरच्या ऑफिसला लिहायचं म्हणून दोनदा कागद घेतला. पहिल्या ओळीतच यायचं की मी कोऱ्या फॉर्मवर सही केली. दुसऱ्या ओळीत खैरनार साहेबांचं नाव यायचं. निवृत्तीला दीड महिना असलेल्या माणसाची चौकशी लागली की त्याचं निवृत्तिवेतन थांबतं, हे ऑफिसातल्या शिपायालाही माहीत असतं. साहेबांची मोठी मुलगी नवऱ्याकडून कायमची परत आली होती, तेही मला माहीत होतं. मी कागद दोन्ही वेळा फाडला. साहेब माझ्याशी पहिल्यासारखेच वागत होते. मी गप्प आहे म्हणजे मला पटलं, असं त्यांनी धरलं असावं. कदाचित मीही तसंच धरत चालले होते.

आठव्या दिवशी शेवंता सिस्टर ऑफिसात आल्या. त्या मोरखडीहून एसटीने कधी तालुक्याला आल्या तर त्यांच्या स्वतःच्या कार्यालयात जात. माझ्याकडे कधी आल्या नव्हत्या. मी खुर्ची दिली, चहा सांगितला. चहा नको म्हणाल्या. पिशवीतून एक पाकीट काढून त्यांनी टेबलावर ठेवलं.

कारणे दाखवा नोटीस होती. साठ बाटल्या हलगर्जीपणामुळे वाया गेल्या, तरी आपल्यावर कारवाई का करू नये. सिस्टरांनी व्होल्टेज कमी होतं असं लिहून दिलं होतं, त्यावर तालुक्याच्या डॉक्टरांनी आमच्या ऑफिसकडून मोरखडीच्या व्होल्टेजचा दाखला मागवला होता. आमच्या क्लार्कने फाईलमधला सगळ्यांत ताजा कागद काढून त्याची झेरॉक्स दिली होती. ती नोटिशीला टाचलेली होती. मोरखडी, किमान दोनशे अकरा व्होल्ट. पुरवठा समाधानकारक. खाली दोन सह्या.

"ही तुमचीच ना?" त्यांनी बोट ठेवून विचारलं.

"हो."

"तुम्ही आल्या होत्या त्या दिवशी?"

मी नाही म्हटलं. त्यांनी मान हलवली. त्या चिडल्या असत्या तर मला बोलता आलं असतं.

"तुम्ही आल्या, असंच समजून चालले होते मी," त्या म्हणाल्या. "साहेबांना विचारलंसुद्धा, मॅडम कुठेत. ते म्हणाले, खालच्या टोकाला आहेत. मी म्हटलं, जाताना तरी डोकावतील."

मग त्यांनी पिशवीतून वही काढली. तीन वर्षं हाताळून तिचे कोपरे गोल झाले होते, पुठ्ठ्यावर त्यांनी कॅलेंडरच्या कागदाचं कव्हर घातलं होतं.

"तुम्ही सांगितलं म्हणून लिहीत होते. आता तुमच्याकडंच ठेवा."

"सिस्टर, तुमच्या उत्तराला ती जोडा. पुरावा आहे."

"कोणाच्या सहीचा?" त्यांनी विचारलं. "तुमचा कागद शिक्क्याचा आहे मॅडम. माझी शाळेची वही." आणि साडेतीनची गाडी चुकेल म्हणून त्या उठल्या. मी दारापर्यंत गेले. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

*

बैठक गुरुवारी अकरा वाजता होती. जिल्ह्याहून अधीक्षक अभियंता टेंभेकर साहेब आले होते. आम्ही सात जण होतो. बिस्किटांची बशी एकदा फिरून आली. खैरनार साहेबांनी फीडरचा नकाशा भिंतीवर लावला होता. माझाच नकाशा, एकतीस ठिपक्यांचा. सहाव्या ठिपक्याभोवती त्यांनी हिरवं वर्तुळ काढलं होतं. ते छान बोलले. अंतरं, भार, तारांची जाडी, सगळं तोंडपाठ. सत्ताविसाव्या जागेचा विचार का सोडावा लागला तेही त्यांनी कुठे न अडखळता सांगितलं.

"आणि हे सगळं काम निकुंभ मॅडमचं आहे सर," शेवटी ते म्हणाले. "मी फक्त पाठीशी उभा राहिलो."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. कोणीतरी कौतुकाने मान डोलावली. टेंभेकर साहेबांनी शेवटचं पान उघडलं, पेनचं टोपण काढलं, आणि सही करता करता, सवयीने विचारावं तसं विचारलं, "मोजणीला तिन्ही दिवस दोघंही हजर होतात ना?"

"होतो सर," खैरनार साहेब म्हणाले, आणि माझ्याकडे बघून हसले. त्या हसण्यात भीती नव्हती. धमकीही नव्हती. नोकरीच्या दुसऱ्या दिवशी मला जीपमध्ये घालताना ते असेच हसले होते. माझी मान हलणार याची त्यांना खात्री होती, आणि माझ्या मानेला नऊ वर्षांची सवय होती.

माझ्या मांडीवर पिशवी होती आणि पिशवीत वही. मी ती बाहेर काढली, मार्चचं पान उघडलं आणि टेबलावर टेंभेकर साहेबांच्या दिशेने सरकवली. लाल खुणा तिथूनही दिसत होत्या. खैरनार साहेबांनी वहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि अगदी हळू, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, "सुलभा."

इतक्या वर्षांत त्यांनी मला नावाने हाक मारली नव्हती.

"मी हजर नव्हते सर," मी टेंभेकर साहेबांना म्हणाले. "सोळा ते अठरा मार्च मी नाशिकला होते. सही माझी आहे, कोऱ्या फॉर्मवर केलेली. आकडे माझे नाहीत. ती सही मी मागे घेते."